पेरूच्या लाकडाची पळी

शिलाईचा वर्ग, मधली सुट्टी
४ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

संत्री आली. काल दोन पेट्या उतरवून घेतल्या आणि शिलाई मशिनांखाली सरकवल्या, कारण घरात पाय ठेवायला जागा नाही. मुली कापड बेतायचं सोडून नाकं वर करून बसल्यात. तेव्हा आईची पळी धाडून दे. यंदा माझी पाळी आहे हे तुझ्या लक्षात असेलच. नसेल तर आठवण करून द्यायला मी बसले आहेच.

गुंडीचं पत्र आलं. तुझी लेक खरोखरच पाव आणि मुरंब्याचं दुकान काढते आहे म्हणजे! बावीस फेब्रुवारीला उघडणार, पाटीसुद्धा रंगवून झाली. 'आजीची पळी' असं दुकानाचं नाव ठेवलंय. वाचून मी मशीन थांबवलं आणि डोळे पुसले. पळी यापुढे तुझ्या-माझ्याकडे हेलपाटे न घालता कायमची तिलाच द्यावी, त्या दिवशी सगळ्यांसमोर आपण दोघांनी मिळून द्यावी, असं तुझं म्हणणं. माझी ना नाही. फक्त एक सुचवते. लाकूड जुनं झालंय. पोरीला रोजच्या वापराला स्टीलची नवी घेऊ आणि ही भिंतीवर टांगायला सांगू. उंचावर. चांगली उंचावर.

आई गेल्यावर या पळीपायी आपण दोन वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, याची अजून लाज वाटते. घर, कपाटं, भांडी, सगळं हसतखेळत वाटून घेतलं आणि बाबांनी आईसाठी कोरलेल्या हातभर लाकडापाशी येऊन अडलो. मावशी मधे पडली, एक वर्ष तुझ्याकडे आणि एक वर्ष माझ्याकडे असं तिनं ठरवून दिलं, म्हणून निभावलं. त्यालाही दहा वर्षं होत आली. आता पळी पोरीकडे गेली की मी सुटले. आपण सुटलो, असं लिहायचं होतं.

नीट गुंडाळून पाठव. लोभ आहे तेवढा असू दे, वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी,
ताई


खुर्च्यांचा कारखाना
९ जानेवारी

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की भट्टीत टाक. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती आधी पोट धरून हसेल आणि मग तुझ्या आत्याला फोन लावेल.

मी पळी मोडली. कशी, ते लिहायची सोय नाही, पण लिहितो. ताईकडे पाठवण्याआधी तेल पाजावं म्हणून पळी कारखान्यात आणली होती. बाजूला व्हार्निशचा डबा होता, त्याचं झाकण चिकटलेलं. दारात गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी बोलता बोलता हाताला जे लागलं ते झाकणाखाली घालून दाबलं. तीस वर्षं मी डबे असेच उघडतो. आवाज आला तेव्हा कळलं की हातात पटाशी नाही, माझी आई आहे.

गिऱ्हाइकाला घालवून दिलं आणि खाली बसलो. मग तुकडे उचलले, आणि आता नीट वाच. आतलं लाकूड पांढरंफटक. बाबांनी ती पळी परसातल्या पेरूच्या फांदीतून केली होती. पेरूचं लाकूड आतून तांबूस असतं, जड असतं आणि असं काडकन मोडत नाही. ही आपली खोक्याची फळी निघाली, चहाच्या पाण्यात रंगवलेली. म्हणजे तुझ्या आत्यानं कधीतरी खरी पळी घालवली आणि मला ही चिकटवली! मी सुतार. प्रत्येक फळी टकटक वाजवून मगच विकत घेणारा. आणि हे लाकूड चार वेळा माझ्या घरी वर्षवर्षभर राहून गेलं. पण दर वेळी ते आईच्या जुन्या फडक्यात गुंडाळून यायचं, संत्र्यांचा वास घेऊन यायचं. डोळे भरलेले असताना लाकूड कोण तपासतो?

दोन दिवस ताईवर जाम चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी हसू यायला लागलं, आणि मग भीती वाटली. मी विचारायचं म्हटलं तर तिला आधी सांगावं लागेल की पळीच्या पोटात मी शिरलो कसा. ती चिडेल, मी चिडेन, आणि ती दोन वर्षं मला परत नको आहेत गं. त्या दोन वर्षांत तुला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं आणि मी फोन उचलून खाली ठेवला होता.

म्हणून मी नवी करतो आहे. त्याच पेरूचा एक ओंडका बाबांनी माळ्यावर ठेवला होता, तो मी इतकी वर्षं जपलाय. शिवाय ताईनं कुठल्याशा सुताराकडून झीजसुद्धा चुकीच्या कडेला करून घेतली होती. आई डावखुरी. डोळे मिटले की मला पळीची डावी कड झिजलेली दिसते, आणि हिनं उजवी घासून घेतलेली! ती चूकही दुरुस्त करतो. तू मात्र तोंड शिवून ठेव.

बापावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा


खुर्च्यांचा कारखाना
१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पळी पाठवत आहे. आईच्याच फडक्यात गुंडाळली आहे. तेल थोडं जास्त पाजलं गेलं, त्यामुळे हाताला जड लागेल. रंगही किंचित बदलला असेल, यंदा हवा दमट आहे. सोबत मागच्या मुरंब्याची शेवटची बरणी आहे.

भिंतीवर उंच टांगायची तुझी कल्पना उत्तम आहे. स्टूल लागेल इतक्या उंचावर टांगू.

आम्ही सर्व मजेत. तुझी माया होती तशीच राहावी, एवढंच मागणं.

तुझा धाकटा भाऊ


शिलाईचा वर्ग
२४ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

पळी पोचली. छान आहे. म्हणजे होती तशीच आहे. मुरंबाही छान झाला. तुझी तब्येत बरी आहे ना? दर वेळी पार्सलबरोबर चार पानं लिहितोस, त्यातलं दीड पान मला टोमणे असतात. यंदा पोस्टकार्डाएवढंच लिहिलंस.

लोभ कमी झालेला नसावा अशी आशा.

ताई


शिलाईचा वर्ग, वर्ग सुटल्यावर
२४ जानेवारी

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

एकाच दिवशी दोन पत्रं लिहिते आहे. तुझ्या बापाला लिहिलं ते खोटं आणि हे खरं.

फोन नको वाटला. फोनवर तू मधेच हसतेस आणि मग माझ्याकडून सांगवत नाही. तर ऐक. आजीची म्हणून ज्या पळीची पाटी तू रंगवलीस, ती पळी आठ वर्षांपूर्वी माझ्या हातून गेली. भांडण मिटून पळी पहिल्यांदा माझ्याकडे आली होती. मुरंबा झाला, आणि मी शहाणीनं ती रात्रभर कढत पाण्यात भिजत टाकली. आई जन्मभर ओरडत आली की पळी भिजत टाकायची नाही. सकाळी उभी चिरलेली, दोन फाका. मी रडले, डिंक लावला, दोरा बांधला, पण काही उपयोग झाला नाही. तुझ्या बापाशी बोलणं नुकतं कुठे सुरू झालं होतं. तेही किती जपून, दोघंही हवापाण्यावरच बोलायचो. त्याला काय सांगणार होते? शाळेची बाकं करणाऱ्या सुताराकडून मी तशीच करून घेतली, चहात बुडवली, कड घासून घेतली आणि एका सुताराचं काम दुसऱ्या सुताराला आईची पळी म्हणून पाठवून दिलं. आठ वर्षं त्याच्या प्रत्येक पत्रात मी आधी 'लाकूड' हा शब्द शोधते आणि मगच पत्र वाचते.

आता पुढचं. परवा जी पळी आली ती माझी नव्हे! माझी हलकी होती. ही जड आहे आणि घासून पाहिली तर तांबूस आहे, अस्सल पेरू. आणि झीज आहे डाव्या कडेला! गुंडी, डावखुऱ्या बाईची पळी उजव्या कडेनं झिजते. मी आईच्या शेजारी उभी राहून संत्री सोलायची, मला पक्कं माहीत आहे. तुझा बाप मात्र शेगडीच्या पलीकडे, स्टुलावर चढून, आईकडे तोंड करून बसायचा, बोट घालून चाखायला. त्यानं आई जन्मभर समोरून पाहिली, म्हणून त्याच्या आठवणीत सगळं उलटं आहे. पळी हातात घेऊन मी इतकी हसले की वर्गातल्या मुली घाबरल्या.

मग हसू थांबलं. त्यानं नवी केली, म्हणजे माझी मोडली असणार. मोडली, म्हणजे आतलं लाकूड त्यानं पाहिलं असणार. त्याला सगळं कळलंय आणि तो गप्प आहे. ठोक्या गप्प बसतो तेव्हा मला फार भीती वाटते. मागच्या वेळी तो दोन वर्षं गप्प होता.

ही दुसऱ्यांदा बनवलेली पळी 'आजीची' म्हणून सगळ्यांसमोर तुझ्या हातात ठेवायला माझा हात धजणार नाही. खरीच्या दोन फाका माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत, बटणांच्या खाली. काय करू सांग. त्याला कळू देऊ नकोस.

आत्यावरचा लोभ उसवू देऊ नकोस, उसवला तर टाका मी घालीन.

आत्या


दुकान, पिठाच्या पोत्यावर बसून
१ फेब्रुवारी

ती. मावशीआजीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इकडे भट्टी बसली, पहिला पाव जळला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा शेजारच्या चांभारकाकांनी उभ्या उभ्या संपवला आणि बोटं चाटली.

आता कामाचं. सोबत दोन पत्रं पाठवते आहे, एक बाबांचं आणि एक आत्याचं. दोघांनीही कुणाला दाखवायची नाहीत असं बजावलंय, पण तू कुणी नाहीस, तू निवाडा करणारी आहेस. वाचलंस ना? बाबांना आत्याचं माहीत आहे, आत्याला बाबांचं माहीत आहे, आणि दोघंही माझ्याकडे कबुली देऊन एकमेकांना हवापाणी लिहितात. मला आधी गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. काल बाबांचं कार्ड आलं, दुकान उघडायच्या दिवशी कामाचा फार रेटा आहे म्हणून जमेल असं वाटत नाही, म्हणाले. आज आत्याचं आलं, तिला खोकला झालाय. मी काय ते समजले. मावशीआजी, मला पळी नसली तरी चालेल. पाटीवरचं नाव मी उद्या खरवडून काढीन. पण ही दोघं दाराच्या दोन बाजूंना उभी असल्याशिवाय मी दुकान उघडणार नाही. त्यांचं पुन्हा बोलणं बंद पडलं तर ते माझ्या पाटीपायी पडेल.

तूच तेव्हा मिटवलं होतंस. आता काय करू ते लवकर कळव. तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.

गुंडी


घरी, उन्हात खुर्ची टाकून
८ फेब्रुवारी

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रं वाचली. दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा चष्मा काढून पुसावा लागला. इतकं मी तुझे आजोबा गेल्यापासून हसले नव्हते.

अगं वेडे, कुठली खरी पळी घेऊन बसलात? तुझ्या आजीकडे एक पळी कधी नव्हतीच. तिच्या हातात लाकूड टिकायचं नाही. पहिली लग्नानंतर दोन-तीन वर्षांत जळली. तुझे आजोबा टपालखात्यात होते, पण हातात कला होती. आमच्या शेडमध्ये येऊन बसले आणि गुपचूप अगदी तशीच दुसरी केली, चहाच्या पाण्यात बुडवली, कड कानशीनं घासली, उजवीच, आणि घरी नेऊन त्याच खुंटीला अडकवली. का, तर तिला वाईट वाटू नये. पुढे दुसरी खिडकीतून पडून गाडीखाली गेली. एकीनं तुझ्या बापानं चेंडू टोलवला. एक तुझ्या आत्यानंच कुंडीतली माती उकरताना मोडली आणि पलंगाखाली लपवली, विचार तिला आठवतंय का. दर वेळी पोरं शाळेत गेली की भावजी आमच्याकडे हजर. आणि अक्काला, तुझ्या आजीला, हे माहीत नव्हतं असं समजू नकोस. नव्या पळीनं पहिल्यांदा ढवळताना ती माझ्याकडे बघून डोळा मारायची. त्याला मात्र जन्मभर कळू दिलं नाही. तिचं मोडणं त्यानं झाकलं, त्याचं झाकणं तिनं झाकलं. त्यांच्या घरात भांडण म्हणून कधी झालं नाही ते यामुळेच.

शेवटची पळी तेवढी टिकली. का ते सांगते. भावजी गेले आणि नवी करून देणारं कुणी उरलं नाही. मग ती पळी जपायला लागली. भिजत टाकू नका, आपटू नका, हे सगळं तेव्हापासूनचं. पोरांना वाटतं ती जन्मभर तशीच होती.

तेव्हाच का सांगितलं नाही म्हणशील. सांगितलं असतं तर त्या दोघांनी भांडायला पाट-पोळपाट असं दुसरं काहीतरी शोधलं असतं. शिवाय पळीच्या निमित्तानं वर्षाला एक पार्सल आणि एक लांबलचक पत्र तरी जात होतं. मला पळीचं काय करायचंय? मला ते पार्सल जायला हवं होतं.

भावजींचा पुठ्ठ्याचा साचा माझ्याकडे आहे. तो लाकडावर ठेवून रेघ मारायचे आणि मगच कापायला घ्यायचे. मागच्या बाजूला प्रत्येक पळीची पेन्सिलीनं एक उभी रेघ मारलेली आहे. मोजून बघ. तो या पत्रासोबत पाठवते. पुढचं तू बघ, तू आजीसारखी आहेस. आणि पाटीला हात लावलास तर मला येऊन कान धरावा लागेल, गुडघ्यासकट.

म्हातारीवरची माया अशीच राहू दे, बरणीसकट राहिली तर अधिक बरं.

मावशीआजी


दुकान, भट्टीजवळ
१२ फेब्रुवारी

ती. आत्यास आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र, दोन प्रती काढून. मी तुमची टपालपेटी व्हायला कंटाळले आहे. मावशीआजीचं पत्रही उतरवून सोबत जोडलं आहे. आधी ते वाचा. मी थांबते.

वाचलंत? आता ऐका. बाबा, कारखान्याला कामाचा रेटा नाही, मी आईला विचारलं. आत्या, तुला खोकला नाही, मी तुझ्या वर्गातल्या मुलींना विचारलं. बावीस तारखेला दोघांनी यायचं. आत्या, शिवणाच्या डब्यातल्या दोन फाका आण, बटणांसकट आणलीस तरी चालेल. बाबा, व्हार्निशच्या डब्यावर शहीद झालेले तुकडे आणि पेरूचा उरलेला ओंडका आणा, आणि हत्यारं. साचा माझ्याकडे आहे. मला आजीची पळी नको. आजोबा करायचे तशी, माझ्यासाठी केलेली हवी, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर करायची. बाबा कोरतील, आत्या बाजूला उभी राहून चुका काढील. डावी-उजवीचं भांडण दुकानात करायला मोकळीक आहे, पण गिऱ्हाइकं पाव घेऊन गेल्यावर.

तुम्ही दोघांनी इतकी वर्षं काय झाकलं ते मला आता कळतंय. भांडण झाकलं नाहीत. एकमेकांना गमवायची भीती झाकलीत. ती उघडी पडली तर काही बिघडत नाही.

तुमच्या लोभावरच माझी भट्टी पेटणार आहे, तेव्हा सरपण कमी पडू देऊ नका.

गुंडी


शिलाईचा वर्ग, मधली सुट्टी
३ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी नीट पोचले. गाडीत शेजारच्या बाईला दोन बरण्या देऊन टाकल्या. पिशवीत आणखी चार होत्या आणि तोंड बंद राहत नव्हतं. तिला अख्खी गोष्ट सांगितली. उतरताना तिनं तिच्या भावाचा पत्ता कागदावर लिहून काढला. पत्र लिहीन म्हणाली.

अजून डोळ्यांपुढून तो दिवस हलत नाही. मी दाराशी आले तर तू आधीच आत, भट्टीच्या पलीकडे स्टुलावर. गुडघे हनुवटीला लावून बसलेला, पन्नाशीतला म्हातारा पोरगा! मी फडक्यातून दोन फाका काढून ठेवल्या, तू खिशातून पांढरे तुकडे काढलेस, आणि दोघांपैकी एकानंही सॉरी म्हटलं नाही. तू फाका साच्यावर ठेवल्यास. केसाचाही फरक नव्हता. मग उजवी कड पाहिलीस, मान हलवलीस आणि आईच चुकीची ढवळत होती असं ठरवायला निघालास. तेव्हा मी तुला पाठीत धपाटा घातला. अकरा वर्षांची असताना घालायची तसाच. आणि मग आपण दोघं जे रडलो, त्याला रडणं म्हणायचं की हसणं, ते चांभारकाकांनाही कळलं नसेल. ते आपले पाव खात होते.

साच्यामागच्या रेघा नऊ होत्या. तू दहावी मारलीस, माझ्या खोक्याच्या पळीची. ती मोजायची नाही म्हणत होती गुंडी, पण तू ऐकलं नाहीस. आठ वर्षं तिनं काम केलं म्हणालास. मग तुझी डावी, अकरावी. मग बारावी तू गुंडीच्या हातात ठेवलीस, कोरी, कुठलीच कड न झिजवलेली. ती तिची ती झिजवेल. त्या क्षणी मला आई गेल्यापासून पहिल्यांदाच सगळं जागच्या जागी आहे असं वाटलं.

पण घरी आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि मन उदास झालं. गुंडीकडे तिची पळी आहे. तुझी डावी माझ्याकडे आहे. निघताना उरलेल्या ओंडक्यातून तुझ्यासाठी एक करीन म्हणालास, ती एव्हाना झालीही असेल. म्हणजे प्रत्येकाची सोय झाली. पुढच्या जानेवारीत कुणी कुणाला काही पाठवायचं कारण उरलं नाही. मावशी एवढं डोकं लढवून बसली होती आणि आपण शहाणपणानं तिचं पार्सल बंद पाडलं.

ते मला मान्य नाही. म्हणून तुझी डावी पळी आजच परत पाठवते आहे, आईच्या फडक्यात. सोबत बरणी आहे. तुझी नवी मला पाठव. पुढल्या वर्षी पुन्हा उलट. दोघांकडे पळ्या असल्या म्हणून काय झालं? आणि पत्र चार पानांचं लिही, टोमण्यांसकट. हवापाणी मी वर्तमानपत्रात वाचते.

लोभ कसा असावा हे तुला आता मी सांगायला नको.

तुझी,
ताई

ता. क. मोडलीस तर त्याच दिवशी कळव. कशी मोडली तेही लिही. मीही लिहीन.